खसखशीची दुसरी पंगत

शनिवारी दुपारी चार वाजता बंडोपंतांनी रोजच्यासारखा अहवाल दिला.

"पाहुण्याबाईंचं पान बारा वाजता वाढलं. पान जसंच्या तसं आहे. आग्रह दोनदा केला. आजचा केर शून्य. सकाळपासून एकही लेंडी नाही. पाहुण्याबाई अत्यंत स्वच्छ."

ऊर्मी कागवाडे पोहण्याच्या सरावाहून नुकतीच परतली होती. एका हातानं ती केस पुसत होती आणि दुसऱ्या हातानं पाटीच्या पडद्यावर नाझनीनला निरोप लिहीत होती. निरोप ठरलेला असायचा, 'सगळं छान'. गेले अकरा दिवस ती रोज चार वाजता हे दोन शब्द पाठवत होती. आज मात्र पाठवायची खूण दाबता दाबता तिचं बोट थांबलं.

शून्य कसं असेल? खसखस रोज भरपेट खात होती, हे बंडोपंतच सांगत होते. जे पोटात जातं ते कुठून तरी बाहेर यायला हवं. मग ते गेलं कुठं?

खसखस ही नाझनीन बागवानची सशीण. पांढऱ्या अंगावर राखाडी ठिपके, म्हणून खसखस. नाझनीनचे अब्बा समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या तळावर इंजिनिअर होते. सुट्टीत नाझनीन महिनाभर त्यांच्याकडे राहायला गेली. तळावर प्राणी न्यायला बंदी, म्हणून तिनं खसखशीला मिरजेतच आपल्या जिवलग मैत्रिणीकडे ठेवलं. "मी नीट सांभाळीन," असं ऊर्मीनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्याच दिवशी जिल्ह्याच्या जलतरण स्पर्धेचा सराव सुरू झाला आणि सांभाळायचं काम बंडोपंतांकडे गेलं.

बंडोपंत म्हणजे कागवाड्यांच्या घरचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). ते कोरे करकरीत नव्हते. त्यांची पहिली वीस वर्षं एका मंगल कार्यालयात वाढपी म्हणून गेली. कार्यालय बंद पडलं तेव्हा ऊर्मीच्या आईनं त्यांना घरी आणलं. त्यांना चार हात होते. पोटाशी बादली अडकवायला कडी होती, आणि एका हाताच्या टोकाला पंजाऐवजी वाढायचा डावच बसवलेला होता. दोन हजार चौसष्ट साली असे जुने वाढपी फारसे कुणाकडे उरले नव्हते. शाळेतल्या मुली त्यांना पाहून हसत. पण बंडोपंत कामाला वाघ होते. पानातलं संपायच्या आत वाढायचं, 'नको' म्हटलं तरी आणखी एकदा आग्रह करायचा, उष्टं पडलं की लगेच उचलायचं आणि प्रत्येक वाढणीनंतर अदबीनं म्हणायचं, "सावकाश होऊ द्या." वीस वर्षांत एकही पाहुणा त्यांच्या पंगतीतून अर्धपोटी उठला नव्हता.

ऊर्मी बाल्कनीत गेली. खसखस कोपऱ्यात पाठ वर काढून, अंग चोरून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. ऊर्मीनं हात पुढे केला तरी ती हुंगायला आली नाही. अगदी जवळ कान नेला तेव्हा दातांवर दात घासल्याचा बारीक करकर आवाज ऐकू आला. समोरच्या ताटलीत केळ्याचे काप, किसलेलं गाजर, भिजवलेले हरभरे आणि पोळीचे तुकडे अगदी लग्नाच्या पानासारखे मांडून ठेवले होते. त्यातलं काहीही हललेलं नव्हतं.

आई आणि बाबा दोघंही कामावर, सातशिवाय परतणार नव्हते. तिनं खसखशीला पंचात गुंडाळलं आणि ती जिना उतरून तळमजल्यावर कालिंदीआजींकडे धावली.

डॉ. कालिंदी आवटी या पशुवैद्य होत्या. चंद्रावर माणसांनी कायमची वस्ती केली तर तिथं अन्न कसं पिकवायचं आणि उरलेल्या काडीकचऱ्याचं काय करायचं, यावर त्यांनी एका प्रयोगशाळेत अठरा वर्षं काम केलं होतं. आता त्या सत्तरीच्या होत्या आणि इमारतीतल्या मांजरांपासून कासवांपर्यंत सगळ्यांना तपासत. बोलणं मोजकं. दार उघडताच त्यांनी पंचाकडे पाहिलं आणि विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं? शेवटची लेंडी कधी टाकली?"

"मला माहीत नाही," ऊर्मी म्हणाली. "बंडोपंतांना माहीत आहे."

ऊर्मीला आपलंच उत्तर ऐकून लाज वाटली.

आजींनी खसखशीला टेबलावर अलगद ठेवलं आणि खणातून रुपयाएवढी एक चकती काढली. तिला त्या 'पोटकान' म्हणत. आतड्यांतले आवाज मोठे करून ऐकवणारं ते यंत्र होतं. आधी त्यांनी ते ऊर्मीच्याच पोटावर टेकवलं. खोलीभर गुडगुड, खळखळ, मध्येच कुईं असा गोंधळ ऐकू आला.

"आतडी काम करत असली की असा आवाज येतो. आता हिचं ऐक."

पोटकान खसखशीच्या कुशीवर ठेवला. खोली शांत. बऱ्याच वेळानं एकदाच टिंग असा उंच, पोकळ आवाज आला आणि पुन्हा काही नाही.

"तो वायू," आजी म्हणाल्या. मग त्यांनी क्ष-पाटी (क्ष-किरणांनी शरीराच्या आतलं दाखवणारी पाटी) खसखशीवर धरली. पाटीवर काळ्या फुग्यांसारखे वायूचे डाग उमटले. "आतडं कुठं अडलेलं नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण त्याची चाल थांबली आहे. सशाच्या बाबतीत याला गंभीर आजार समजायचं. बारा तास ससा खात नसेल तर वाट बघत बसायचं नसतं."

"ती वाचेल ना, आजी?"

"आत्ता सांगता येत नाही. काल आणली असतीस तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं. उद्या आणली असतीस तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं."

त्यांनी दुखणं कमी करणारं औषध टोचलं. कातडीखाली सलाईन दिलं, आतड्याला चालना देणारं औषध दिलं आणि कोमट पिशवी फडक्यात गुंडाळून खसखशीच्या शेजारी ठेवली. एवढं झाल्यावर त्यांनी हात धुतले. "आता वाट बघायची. तोवर हे कसं झालं ते शोधू. बंडोपंतांना खाली बोलाव."

बंडोपंत आले. त्यांचं एक चाक कुरकुरत होतं. अहवाल मागितल्यावर त्यांनी तो मान ताठ करून दिला. त्यांना मोजायची सवय होती. कार्यालयात ते उठलेली पानं मोजत, इथं लेंड्या.

"पहिला दिवस, कोरड्या लेंड्या दोनशे एकतीस. चौथा दिवस, एकशे साठ. शिवाय ओल्या, चिकट, द्राक्षांच्या घडासारख्या गोळ्या, तीन घड. तात्काळ पुसून घेतल्या. आठवा दिवस, सत्तर, आकारानं लहान. चिकट घड पाच. पुसून घेतले. काल नऊ. आज शून्य. केर रोज कमी होत गेला. कामगिरी सुधारत गेली."

ऊर्मीनं विचारलं, "आणि गवत? नाझनीननं पोतं भरून वाळलेलं गवत दिलं होतं. ते किती खाल्लं तिनं?"

"गवत नव्हतं," बंडोपंत म्हणाले. "पेंढा होता. काचसामान येतं त्यात. सामान काढलं की पेंढा मागच्या खोलीत. पाहुण्यांसमोर पेंढा ठेवत नाहीत."

ऊर्मीचा पारा चढला. "पेंढा कसला? तेच तिचं जेवण होतं. नाझनीननं सांगितलं होतं, फक्त गवत द्यायचं, पोटभर. तुम्ही—"

"थांब," कालिंदीआजी म्हणाल्या. "ते नाझनीननं तुला सांगितलं होतं. त्यांना तू काय सांगितलंस?"

ऊर्मीला तो दिवस आठवला. खसखस घरात आली तेव्हा नेहमीप्रमाणे बंडोपंतांनी दारातच प्रश्न केला होता. त्यांना माणसांचे दोनच प्रकार ठाऊक होते. "घरचे की पाहुणे?" ऊर्मीला पोहायला जायची घाई होती. "पाहुणी आहे, महिनाभर राहणार," असं सांगून ती पोहायची पिशवी उचलून निघून गेली होती. झालं. त्या एका शब्दावर बंडोपंतांनी वीस वर्षांची सगळी अक्कल खसखशीच्या सेवेला लावली. पाहुणीला गोडधोड वाढायचं, पान रिकामं ठेवायचं नाही, दोनदा आग्रह करायचा, घाण दिसू द्यायची नाही. सांगितलेलं एकही काम त्यांनी चुकवलं नव्हतं.

"मी फक्त पाहुणी म्हणून सांगितलं," ऊर्मी हळूच म्हणाली. "आणि अकरा दिवस एकदाही नीट बघितलं नाही."

कालिंदीआजींनी मान हलवली. त्यांनी कपडे वाळत घालायची सुती दोरी आणली आणि फरशीवर वळणं घेत पसरली. मधल्या एका वळणाला उशीचा रिकामा अभ्रा बांधला.

"ही दोरी म्हणजे खसखशीचं आतडं. अन्न या टोकानं आत आलं. जठरातून पुढं लहान आतड्यात गेलं. साखर, थोडी प्रथिनं, जे सहज पचतं ते इथंच शोषलं गेलं. उरला गवताचा चिवट भाग. त्यात असतं सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात तो पदार्थ). ते तुलाही पचत नाही आणि सशालाही पचत नाही."

"मग ससे गवत खातात कशाला?"

"त्यांनी कामाला माणसं ठेवली आहेत म्हणून." आजींनी अभ्रा फुगवून दाखवला. "ही अंधनाल (एका टोकाला बंद असलेली आतड्याची पिशवी). सशाच्या जठरापेक्षाही ही कितीतरी मोठी असते. हिच्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव) राहतात. गवताच्या धाग्यांचे दोन भाग होतात. लांब, जाड धागे इथं थांबतच नाहीत. ते सरळ पुढं जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक चुरा मात्र मागे ढकलला जातो आणि अंधनालेत शिरतो. तिथं सूक्ष्मजीव तो आंबवतात, इडलीचं पीठ आंबतं तसं. त्यातून जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार होतात."

"पण मग ती अंधनालेतून परत कशी येणार? लहान आतडं तर मागे राहिलं." ऊर्मी दोरीकडे बघत होती. "जिथं शोषून घ्यायचं ते ठिकाण आधीच येऊन गेलं की."

कालिंदीआजी पहिल्यांदाच किंचित हसल्या. "हाच प्रश्न सशापुढे होता. गायीला तो पडत नाही, कारण तिची आंबवायची पिशवी आतड्याच्या आधी असते. ती रवंथ करते. सशाची पिशवी नंतर आहे. मग त्यानं काय करावं?" त्यांनी बंडोपंतांकडे पाहिलं. "पंत, कार्यालयात पहिल्या पंगतीत सगळे जेवून व्हायचे का?"

"नाही. वाढणारे, वरपक्षाची धावपळ करणारे, उशिरा आलेले दुसऱ्या पंगतीला बसायचे."

"तसंच. सशाच्या अन्नाच्याही दोन पंगती असतात. अंधनालेत तयार झालेलं मऊ, चिकट अन्न घडासारख्या गोळ्यांच्या रूपात बाहेर येतं. ससा वाकून त्या थेट तोंडात घेतो आणि पुन्हा खातो. मग ते लहान आतड्यातून दुसऱ्यांदा जातं आणि आता शोषलं जातं."

ऊर्मीनं नाक मुरडलं. मग तिला एकदम काहीतरी जाणवलं आणि तिचं नाक होतं तिथं आलं. "ते चिकट घड. बंडोपंतांनी पुसले ते."

"तेच. निरोगी ससा ते मागे ठेवतच नाही, कुणाला दिसतही नाहीत. पण पहिल्या पंगतीत केळी आणि पोळी आग्रह करकरून खाऊ घातली, तर दुसऱ्या पंगतीला भूक कुठली? घड तसेच पडून राहायला लागले. ती पहिली खूण होती. आजाराची चाहूल आठ दिवस आधी लागली होती आणि ती रोज ओल्या फडक्यानं पुसली जात होती."

बंडोपंतांचं कुरकुरणारं चाक थांबलं.

"आणि गवत नसलं की?" ऊर्मीनं विचारलं.

"पंतच सांगतील. पहिली पंगत उठायचं नावच घेत नसेल तर दुसरी कशी बसते?"

"बसत नाही," बंडोपंत म्हणाले. "माणसं दारात खोळंबतात. मग आम्ही मागून हलक्या हातानं पाट सरकवतो. हालचाल दिसली की लोक उठतात."

"लांब धाग्यांचं गवत हेच करतं. ते पचत नाही, पण आतड्याला आतून सारखं ढकलत राहतं. ते खाताना दातही घासले जातात. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, घासले नाहीत तर तोंडातच टोचायला लागतात. गवत बंद झालं की आतडं सुस्तावतं. अन्न साचतं. वायू धरतो, पोट दुखतं. दुखलं की ससा खात नाही. खाल्लं नाही की आतडं आणखी सुस्तावतं. ससा हा दुसऱ्यांचं भक्ष्य असलेला प्राणी. दुखणं दाखवलं तर जंगलात आधी तोच मारला जातो, म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. त्याच्या लेंड्यांवरून कळतं."

"आणि गोड खाल्ल्यानं वायू कसा होतो?"

आजी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्याच्या कडेला काचेची एक टाकी मंद बुडबुडत होती. आत तपकिरी पाणी आणि त्यात बुडवलेला गव्हाचा भुसा. ही त्यांची कृत्रिम अंधनाल होती. सशाच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यांनी तिच्यात कित्येक वर्षं जगवले होते. आजींनी टाकीतलं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीत गवताची पूड टाकली, दुसरीत कुस्करलेलं केळं. दोन्हींच्या तोंडांवर फुगे ओढून बसवले आणि बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या.

पाऊण तासात केळ्याच्या बाटलीवरचा फुगा उठून उभा राहिला. गवताच्या बाटलीवरचा अजून मान टाकून होता.

"साखर मिळाली की गवत पचवणारे सूक्ष्मजीव मागे पडतात आणि वायू करणारे दुसरेच फोफावतात. फुग्याला फुगायला जागा आहे. खसखशीच्या पोटाला नाही. तिला उलटीसुद्धा करता येत नाही, सशाच्या शरीराची रचनाच तशी आहे. आत गेलेलं फक्त पुढंच जाऊ शकतं."

बंडोपंत दारात उभे राहून फुग्याकडे बघत होते. "म्हणजे पाहुण्याबाई आग्रहामुळे आजारी पडल्या," ते म्हणाले.

"होय," कालिंदीआजी म्हणाल्या.

"माझ्या नोंदीत असं पूर्वी कधी घडलेलं नाही." त्यांनी डावाचा हात हळूहळू खाली घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

सहा वाजता ऊर्मीनं निरोपाची पाटी उघडली. 'सगळं छान' हे दोन शब्द तिथं अजून तसेच होते. तिनं ते पुसले आणि नाझनीनला फोन लावला.

पाटीवर नाझनीन आली. मागे समुद्र आणि फिरणारी प्रचंड पाती. ऊर्मीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाहुणी म्हणाल्याचं, पेंढ्याचं, केळ्यांचं, पुसलेल्या खुणांचं.

"मी पोतं भरून गवत दिलं होतं," शेवटी नाझनीन म्हणाली.

"हो."

"तू रोज लिहीत होतीस, सगळं छान."

"हो. न बघताच लिहीत होते."

नाझनीननं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. "मला रडायचं नाही आत्ता. तू तिच्याजवळ थांब. आणि सकाळी फोन कर. काहीही झालं असलं तरी कर, ऊर्मी. लपवू नकोस."

"नाही लपवणार."

आई-बाबा आले, त्यांना सगळं कळलं. बाबा रागावणार असं ऊर्मीला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "उद्याचा सराव राहू दे." कालिंदीआजींनी गवताची पूड पाण्यात कालवली. ती त्यांनी बारीक पिचकारीनं, घोट घोट करत, खसखशीच्या गालफडात सोडली. एकेक घोट गिळायला तिला युगं लागत होती. साडेआठला पोटकान लावला तर दूरवर कुठंतरी एकदा गुडगुडल्यासारखं झालं. पुन्हा ऐकलं तर शांत. आजींनी ऊर्मीला वर झोपायला धाडलं. बंडोपंतांना मात्र झोप नसते. ते खाली खसखशीपाशी थांबले.

सकाळी सव्वासहाला दारावरची घंटा वाजली. ऊर्मी उठून दाराकडे धावली. खरं तर तिला दार उघडायची भीतीच वाटत होती.

दारात बंडोपंत उभे होते. त्यांच्या दोन हातांत चांदीची वाटी होती, लग्नात वरमाईपुढे तूप ठेवतात तशी, आणि वर झाकण. उरलेले दोन हात त्यांनी अदबीनं मागे घेतले होते.

"पाहुण्याबाईंकडून," ते म्हणाले आणि त्यांनी झाकण उचललं.

वाटीत एक लेंडी होती. वाटाण्यापेक्षा लहान, थोडी वेडीवाकडी, आत गवताचा एक धागा दिसणारी. बंडोपंतांनी आयुष्यात पहिल्यांदाच केर उचलून टाकून दिला नव्हता.

ऊर्मी दारातच खाली बसली आणि तिला रडू फुटलं. इतका आनंद तिला पोहण्याच्या कुठल्याही पदकानं कधी दिला नव्हता. मग तिनं तसंच डोळे पुसत नाझनीनला फोन लावला आणि काही न बोलता वाटी पाटीसमोर धरली. नाझनीननं वाटीत पाहिलं, ऊर्मीकडे पाहिलं आणि दोघी हसत सुटल्या.

धोका त्या दिवशी पूर्ण टळला नाही. लेंड्या दुपारपर्यंत चार झाल्या, दुसऱ्या दिवशी सव्वीस. तिसऱ्या दिवशी खसखशीनं आपण होऊन गवताची पहिली काडी ओढली आणि ती तोंडातून हळूहळू आत जाताना ऊर्मी मांडी घालून बघत राहिली. पुढचे दिवस ऊर्मीनं सराव अर्ध्यावर आणला. रोज सकाळी ती स्वतः गवत टाकायची. वाळलेलं मारवेल गवत पोटभर, त्याशिवाय मेथी-कोथिंबिरीची मूठभर पानं. गाजराचा एखादा काप आठवड्यातून एकदा, तोही बोटाच्या पेराएवढा. लेंड्या मोजायचं काम बंडोपंतांकडेच राहिलं, पण आता आकडा घटला की ते अहवालात 'स्वच्छ' म्हणत नसत. "पाहुण्याबाईंची विचारपूस करावी," असं म्हणत. आग्रह त्यांनी सोडला नव्हता. फक्त तो आता गवताचा करत.

एका संध्याकाळी ऊर्मीनं कालिंदीआजींच्या टाकीजवळ उभी राहून विचारलं, "चंद्रावर ससे नेणार आहात का तुम्ही?"

"ससे नेले तर तिथं त्यांना खसखशीसारखं रोज तपासायला कोण बसणार? पण ही टाकी नेता येईल. चंद्रावर गहू पिकवला तर दाणे माणसं खातील. काडाचं काय करायचं? तिथं गायी नाहीत, जाळायला हवाही नाही. काड टाकीत घातलं तर सूक्ष्मजीव त्यातून पुन्हा अन्न करतील. माणसांची दुसरी पंगत." त्यांनी टाकीची काच फडक्यानं पुसली. "अजून जमलेलं नाही. काडाऐवजी गोड काही पडलं की माझीही टाकी रुसते. पण जमेल. माझ्या हयातीत नाही जमलं तर तुझ्या."

ऊर्मीनं टाकीच्या काचेवर पोटकान टेकवला. आतून बारीक, अखंड गुडगुड ऐकू आली. ती ऐकत ती बराच वेळ उभी राहिली.

नाझनीन परत यायची होती त्याच दिवशी सकाळी, फटफटायच्या सुमाराला, ऊर्मी बाल्कनीत गवत घालायला गेली. बंडोपंत आधीच तिथं होते. खसखस मध्यभागी बसली होती. एकाएकी तिनं पाठ गोल केली, मान पोटाखाली वाकवली आणि डोकं वर काढलं तेव्हा ती मन लावून चघळत होती.

ऊर्मीला कळलं ते काय होतं. बंडोपंतांनाही कळलं. सवयीनं त्यांचा एक हात फडक्याकडे गेला. मग तो वाटेतच थांबला. त्यांनी फडकं परत कडीला अडकवलं, आणि पाहुणे जेवत असताना टक लावून बघू नये म्हणून चाक कुरकुरवत भिंतीकडे तोंड केलं.

"सावकाश होऊ द्या," ते भिंतीला म्हणाले.